मर्डॉकच्या माळ्यावरची तिसरी फळी

यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. नावंसुद्धा खरीच ठेवली आहेत, कारण ज्यांना राग यावा असं कुणी आता उरलेलं नाही. उरलोय आम्ही दोघी. मी आणि मार्सेला.

भुताखेतांच्या गोष्टी रात्रीच्या असतात, असं लोक म्हणतात. ही दुपारची आहे.

१९८४ चा मार्च. गुरुवार. तीन वाजून गेले होते.

केप ब्रेटन बेटाचा पश्चिम किनारा, आमचं ग्लेनव्हॅरा गाव. बाहेर लख्ख ऊन. समुद्र पार क्षितिजापर्यंत बर्फाने गच्च भरलेला.

त्या दुपारी माझ्या नवऱ्याने एक फळी कापली.

पण आधी थोडं मागचं सांगते.

माझा नवरा अ‍ॅलिस्टर पोटासाठी सुतारकाम करायचा आणि जिवासाठी व्हायोलिनं बनवायचा. त्याचं म्हणणं, चांगलं व्हायोलिन हाताने होत नाही, लाकडाने होतं. वरची पाटी स्प्रूसची लागते, पण कुठलाही स्प्रूस चालत नाही. डोंगराच्या उत्तर उतारावर, सावलीत, उपाशीपोटी वाढलेलं झाड हवं. असं झाड हळू वाढतं, त्याची वलयं केसांसारखी दाट बसतात. ते थंडीत पाडायचं, पाचर ठोकून फोडायचं आणि वाळत ठेवायचं. दहा वर्षं, वीस वर्षं, जितकी जास्त तितकं बरं.

आमच्या किनाऱ्याकडचे स्प्रूस पाणी पिऊन माजलेले. ठोकले की बद्द वाजतात.

त्यामुळे अ‍ॅलिस्टर जाईल तिथे लाकूड ठोकून बघायचा. कुणाकडे जेवायला गेला तरी आधी टेबलाला टिचकी. चर्चमधल्या बाकाला तर त्याने इतक्या टिचक्या मारल्या होत्या, की एकदा फादर प्रार्थना थांबवून म्हणाले, अ‍ॅलिस्टर, आत ये बाबा, दार उघडंच आहे. आख्खं चर्च हसलं होतं.

त्याचा धाकटा भाऊ हेक्टर. चोवीस वर्षांचा. लॉकीच्या बोटीवर शेवंडं धरायला जायचा, आणि गावात त्याच्यासारखं व्हायोलिन वाजवणारा कुणी नव्हता. जुलैत त्याचं लग्न ठरलं होतं, मार्सेलाशी. त्याला लग्नात असं व्हायोलिन द्यायचं की आयुष्यभर दुसरं हातात धरायला नको, हे अ‍ॅलिस्टरच्या डोक्यात बसलं होतं.

पण तसं लाकूड कुठून आणायचं?

कुणीतरी म्हणालं, मर्डॉकचा माळा बघ.

मर्डॉक आमच्या भागातला पेट्या करणारा सुतार. चाळीस वर्षं गावातली सगळी माणसं त्याच्याच पेट्यांतून मातीत गेली. तो जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याची बायको केटी-अ‍ॅन, माझ्या सासऱ्यांची चुलत बहीण, सहा मैलांवर एकटीच राहायची. आम्ही तिला केटी आत्या म्हणायचो.

जानेवारीत आम्ही दोघं गेलो. आत्याने चहा केला, ओटची बिस्किटं दिली, गावातल्या सगळ्यांची उणीदुणी काढून झाली, आणि मग म्हणाली, जा वर, हवं ते घे. मला आता त्या जिन्याने चढवत नाही.

माळ्यावर पंचवीस-तीस फळ्या होत्या. जुना स्प्रूस. अ‍ॅलिस्टर एकेक फळी दोन बोटांत धरून उभी करायचा, कान जवळ न्यायचा आणि बोटाच्या पेराने ठोकायचा. काही बऱ्या होत्या. काही चांगल्या होत्या.

धुराड्याला टेकून एक फळी वेगळी ठेवलेली होती.

रुंद. जाड. रंधा न मारलेली. वलयं इतकी दाट की मोजायला भिंग लागावं.

अ‍ॅलिस्टरने ठोकली...

मी जिन्यावर होते. मला वाटलं खाली चर्चची घंटा झाली.

तो आवाज बराच वेळ राहिला. अ‍ॅलिस्टर फळीकडे नुसता बघत होता. आमच्या लग्नातही त्याने माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं.

फळीच्या टोकाला पेन्सिलने लिहिलेलं होतं. पाच फूट अकरा इंच.

खालून आत्याचा आवाज आला. "ती नाही रे. ती ठेव."

आमच्याकडे मरणाची वर्दी आधी येते. कुणाला दिवा दिसतो, कुणाला पावलं ऐकू येतात. मर्डॉकला फळ्या ऐकू यायच्या. दिवसाढवळ्या माळ्यावरची एखादी फळी आपली आपण वाजायची. ठक, ठक, ठक. मर्डॉक वर जायचा, ती खाली काढायचा आणि तिच्यावर लांबी लिहायचा. लांबी त्याला कशी कळायची, ते आत्याने कधी विचारलं नाही. दोनचार दिवसांत कुणीतरी टोपी हातात घेऊन दारात उभं असायचं. वडील गेले, मर्डॉक. पेटीचा तळ तोवर तयार असायचा.

हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

आत्याने सांगितलं, १९६१ च्या मार्चमध्ये एका आठवड्यात तीन फळ्या वाजल्या. पहिलीचा माणूस चार दिवसांत आला. दुसरीचा महिन्याने. तिसरीचा आलाच नाही. मर्डॉकने ती धुराड्याला टेकवून ठेवली. सतरा वर्षं वाट पाहिली, आणि मग तो स्वतःच गेला. स्वतःसाठी त्याने वेगळीच फळी वापरायला सांगितली होती.

अ‍ॅलिस्टर त्या दिवशी रिकाम्या हाताने परतला. पण ती फळी त्याच्या कानातून जाईना.

तो पुन्हा गेला. आत्याची लाकडं फोडून रचून दिली. पुन्हा गेला, खारवलेल्या बांगड्यांचं पिंप देऊन आला. म्हणाला, आत्या, आता पेट्या शहरातून तयार येतात. ही फळी कुणासाठी ठेवतेस? हेक्टरच्या लग्नात वाजू दे की.

चौथ्या खेपेला आत्या नमली. म्हणाली, घेऊन जा. पण माझं होईपर्यंत कापू नकोस. मी काही फार दिवस नाही.

अ‍ॅलिस्टरने शब्द दिला.

फळी आमच्याकडे आली आणि तीन आठवडे कार्यशाळेत उभी राहिली. जुलै जवळ येत होता. आत्या ठणठणीत होती. अ‍ॅलिस्टर येता-जाता त्या फळीला टिचकी मारायचा.

शेवटी मीच म्हणाले, "काप रे. तिला कोण सांगायला जातंय?"

हे मी म्हणाले. हे लिहायलाच हवं.

तर तो गुरुवार. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. कार्यशाळा भिंतीपलीकडेच, करवतीचा आवाज येत होता.

मग तो थांबला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मला वाटलं, याचं मन फिरलं. मी चहा ओतला आणि कप घेऊन गेले.

दार उघडलं...

अ‍ॅलिस्टर करवत चालवत होता.

हात पूर्ण मागे, पूर्ण पुढे. पातं लाकडात उतरत होतं. भुसा खाली पडत होता.

आवाज नव्हता.

मी कप टेबलावर ठेवला, त्याचा आवाज झाला. अ‍ॅलिस्टरचा श्वास ऐकू येत होता. लांब समुद्रावर बर्फ कुरकुरत होता, तोही ऐकू येत होता. फक्त करवतीचाच आवाज नव्हता.

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हात थांबवला नाही. मला वाटतं, त्याला थांबवता येत नव्हता.

तुकडा सुटून जमिनीवर पडला. तोही बिनआवाजाचा.

तेवढ्यात घरातला फोन वाजला.

केटी आत्या होती. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"कापलीत ना?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही.

"मर्डॉक गेल्यापासून माझा माळा कधी असा शांत नव्हता," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही न्याहारीला बसलो होतो. अ‍ॅलिस्टरचे दोन्ही हात कपाभोवती होते. मी पावाला लोणी लावत होते.

भिंतीपलीकडून आलं...

ठक. ठक. ठक.

पेराने लाकूड ठोकावं तसं. अगदी तो ठोकायचा तसंच.

आम्ही उठून गेलो. उरलेली फळी होती तिथेच होती. तिच्याखालचं टेबल ओलं होतं. तेवीस वर्षं धुराड्याजवळ वाळलेलं लाकूड ते. अ‍ॅलिस्टरने बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"खारट आहे," तो म्हणाला.

तुम्ही म्हणाल, मग तिथेच का थांबला नाहीत? मलाही ते पुष्कळ जणांनी विचारलं. आता थांबून काय उपयोग, असं अ‍ॅलिस्टर म्हणाला. फळी तर कापली गेलीच होती. आणि खरं सांगू? लाकूड फार चांगलं होतं. पटाशीखाली लोण्यासारखं येत होतं. त्याला ते सोडवेना.

रंध्याच्या ढलप्या मी चुलीत घालायचे. नेहमीचंच काम ते. पण या ढलप्या पेटताना चर्र करायच्या आणि घरभर ओहोटीच्या किनाऱ्याचा वास सुटायचा. त्या चुलीवर मी पाव भाजले. आम्ही ते खाल्ले.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी व्हायोलिन वाजण्याजोगं झालं. रोगण लागलं नव्हतं, पांढरंच होतं. चर्चमधून हेक्टर आणि मार्सेला थेट आमच्याकडे आले. हेक्टरने ते हनुवटीखाली धरलं आणि एक संथ गत वाजवली.

तसा आवाज मी नंतर कधी ऐकला नाही. आम्ही सगळेच रडलो. मार्सेला तर रुमालात तोंड खुपसून बसली.

वाजवून झाल्यावर हेक्टर दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. अ‍ॅलिस्टर त्याच्याकडे बघत होता. डोक्यापासून पायापर्यंत. मग पुन्हा वर.

मला एकदम समजलं, तो काय मोजतोय.

"तुझी उंची किती रे?" त्याने विचारलं.

"लग्नाचा सूट शिवतोस की काय, दादा?" हेक्टर हसला. "पाच-अकरा. मार्सेला सहा सांगते, पण ती प्रेमात आहे."

माझ्या हातातली किटली मी खाली ठेवली.

फळी वाजली तेव्हा हेक्टर एक वर्षाचा होता.

तीन दिवसांनी शेवंडांचा हंगाम सुरू होणार होता. अ‍ॅलिस्टर त्याच्या मागे लागला. यंदा बोटीवर जाऊ नकोस, माझ्या हाताखाली काम कर, गोठ्याचं छप्पर घालायचंय, मला माणूस हवाय. हेक्टरने सगळं हसण्यावारी नेलं. म्हणाला, खिळा कुठल्या टोकाने ठोकायचा ते मला माहीत नाही, आणि तू मला छपरावर चढवतोस?

शेवटी अ‍ॅलिस्टरने त्याला सगळं सांगितलं. धक्क्यावर, पिंजरे बोटीत चढवताना. मी तिथेच होते. हेक्टर आधी हसला. मग हसायचा थांबला. हातातला दोर त्याने नीट गुंडाळून ठेवला.

"मग मी काय करू, दादा?" तो म्हणाला. "बोटीत बसू नको, गाडीत बसू नको, जिना चढू नको. किती वर्षं? आत्याच्या कुठल्या फळीने सांगितलंय, की घरात बसलो तर वाचेन?"

अ‍ॅलिस्टरने पुढचा पिंजरा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

हेक्टर माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, याला घरी ने. आणि मार्सेलाला यातलं काही सांगू नका."

अकरा मे. शुक्रवार. सकाळचे नऊ. वारा नाही, लाट नाही, समुद्र बशीतल्या दुधासारखा.

बोटीवर दोघंच. बोटीचा तांडेल लॉकी, आणि हेक्टर. लॉकी पिंजऱ्यात आमिष भरायला खाली वाकला. हेक्टर त्याच्या मागेच उभा होता, शीळ घालत होता.

शीळ मध्येच थांबली.

लॉकीने वळून पाहिलं...

कुणी नव्हतं.

पाण्यात पडल्याचा आवाज झाला नाही. हाक आली नाही. लॉकीने शपथेवर सांगितलं, पाण्यावर साधं वलयसुद्धा उठलेलं नव्हतं. हातमोजे कठड्यावर होते. एकावर एक ठेवलेले.

अकरा दिवस शोधलं. किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांच्या बोटी आल्या. काही सापडलं नाही.

बाराव्या दिवशी केटी आत्या आमच्याकडे आली. शेजाऱ्याच्या गाडीतून, काठी टेकत. ती चिडेल, शाप देईल, असं मला वाटलं होतं. ती चुलीजवळ बसली.

अ‍ॅलिस्टर तिच्या पायाशी बसला. म्हणाला, आत्या, त्या फळीने माझा भाऊ नेला.

"फळी माणसाला नेत नाही रे," ती म्हणाली. "माणूस त्याच्या वेळेला जातो. मर्डॉकने चाळीस वर्षं पाहिलं. बर्फाखाली गेलेले, खाणीत गाडले गेलेले, समुद्रात बुडालेले. ज्याची फळी तयार होती, तो प्रत्येक जण घरी आला. फळी त्याला परत आणते."

अ‍ॅलिस्टरने मान वर केली नाही.

"आता तो कशावर निजणार?" आत्याने विचारलं. तिने रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच उत्तर हवं होतं.

त्या दिवसापासून अ‍ॅलिस्टरने ती फळी पुन्हा जोडायला घेतली.

उरलेला मोठा भाग होता. कोपऱ्यात पडलेले तुकडे होते. सरस लावून, शिकंज्यात आवळून, तो वलयाला वलय जुळवायचा. जमिनीच्या फटींतून त्याने सुरीच्या टोकाने भुसा काढला. एकदा माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं, ढलप्या कुठायत, एफी?

त्याला माहीत होतं. तरी विचारलं.

आणि व्हायोलिन मार्सेलाकडे होतं. अ‍ॅलिस्टर तिच्याकडे मागायला गेला. तिने दार अर्धंच उघडलं. म्हणाली, त्याचं माझ्याकडे एवढंच आहे, आणि तुम्हाला ते फोडायचंय? चूक तिची नव्हती. त्याच हिवाळ्यात ती बहिणीकडे बॉस्टनला निघून गेली, व्हायोलिन घेऊन.

आत्या पुढच्या वर्षी गेली. शहरातली पेटी आणली.

अ‍ॅलिस्टरने त्यानंतर एकही व्हायोलिन केलं नाही. लाकडाला टिचकीही मारली नाही. दर मे महिन्यात तो किनाऱ्याने चालत जायचा, रोज, ओहोटीच्या वेळेला. तेरा वर्षं. १९९७ मध्ये हॉस्पिटलात गेला. शेवटच्या दिवशी मी विचारलं, काही हवंय का? म्हणाला, मला घाईने पुरू नका, तो आला तर दोघांना एकत्र ठेवा.

आम्ही तीन दिवस थांबलो. मग पुरलं.

मी आता पंचाहत्तरीला आले. घर विकलं नाही. कार्यशाळेचं दार मी उघडत नाही, पण कुलूपही लावलेलं नाही. का लावलं नाही, ते मला सांगता यायचं नाही.

एवढं सगळं आत्ताच का लिहायला बसले, तेही सांगते.

गेल्या महिन्यात मार्सेलाचं पत्र आलं. चाळीस वर्षांत पहिलं. तिने दुसरं लग्न केलं होतं, तो नवराही आता गेला. ती वृद्धाश्रमात चालली आहे. लिहिलं होतं, एफी, मला राग नाही. मी ते फार वर्षं सांभाळलं. आता मला झोप लागत नाही. त्याच्या भावाला जे करायचं होतं, ते तू कर. मी ते पोस्टाने पाठवते आहे.

बाकी काही नव्हतं. का झोप लागत नाही, ते लिहिलं नव्हतं.

पार्सल आमच्या पोस्टात येऊन दहा दिवस झाले. पोस्टातली टीना परवापासून रोज फोन करते. चांगली पोर आहे. आज सकाळीही तिचा फोन आला.

म्हणाली, "एफी आजी, एकट्या येऊ नका हां. आम्हा दोघांना मिळून ते सरकवावं लागलं. उचलायला चार जण तरी लागतील. काय मागवलंत एवढं?"

व्हायोलिनचं वजन अर्धा किलोही भरत नाही.

मी तिला म्हणाले, येते.

आज शुक्रवार. पोस्ट पाचला बंद होतं. मी कोट घालून मघापासून बसले आहे... आणि चार माणसं म्हणून कुणाला बोलवायचं, ते मला सुचत नाही.